टेम्पोतून सांगलीला गेलेली दुचाकी

माझ्या काखेत आजवर किती परक्या माणसांनी हात घातला असेल, त्याची गणतीच नाही. मला डावा पाय गुडघ्याखाली नाही. खोटा पाय बसवलेला आहे, पँटीखाली झाकला जातो, चालताना जरा झोल जातो एवढंच. पण बँकेची पायरी आली, एसटीचं दार आलं, लग्नाच्या मांडवात सतरंजीची दुमडलेली कड आली, की कुठूनतरी एक हात येतो आणि न विचारता माझ्या काखेत शिरतो. घामट हात, तंबाखू मळलेला हात, वडापाव खाऊन न धुतलेला हात. "सावकाश काका, सावकाश." अरे बाबा, तू येईपर्यंत मी सावकाशच होतो. मला त्या हातांची किळस येते. ही माणसं मनानं चांगली असतात हे मला कळतं. चांगल्या माणसांची किळस येणं हे काही चांगल्या माणसाचं लक्षण नाही, हेही कळतं. तरी येते.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. सतरा वर्षं ट्रक चालवले, बर्फात चालवले, वाळूत चालवले, घाटात रिव्हर्स घेतले. पाय कसा गेला हे आमच्या गल्लीत मला कधी कुणी विचारलं नाही. सातारा भागात घरटी एखादा माणूस फौजेत असतो, आणि फौजेतून एका पायाचा माणूस परत आला की पुढची गोष्ट लोक आपल्या मनानंच रचून घेतात. खरी गोष्ट फार साधी आहे. मैदानी मुलखातल्या एका डेपोत, भर दुपारी, जेवणाच्या घाईत मी ट्रक उतारावर लावला आणि हँडब्रेक ओढायचा विसरलो. खाली उतरून चाकामागं दगड लावायला वाकलो आणि ट्रक मागं आला. समोर शत्रू नव्हता, कुठं गोळी सुटली नव्हती. मेसमधून मटणाचा वास येत होता, तेवढा आठवतो. हे माझ्या बायकोला माहीत आहे. बाकी कुणाला सांगायची वेळ आली नाही, आणि मीही ती कधी आणली नाही.

पेन्शन सुरू झाली, सातारच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सुपरवायझर म्हणून चिकटलो, आणि जाण्यायेण्यासाठी मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं जोडलेली स्कूटर घेतली. त्या स्कूटरबद्दल चांगलं बोलावं म्हणून मी खूप प्रयत्न केला आहे. दुचाकी वळणावर कलते, तिच्याबरोबर माणूस कलतो, आणि गाडी चालवण्याची सगळी मजा त्या कलण्यात असते. ही बया ताठच्या ताठ. वळवली की मलाच बाहेर फेकायला बघायची. एक चाक खड्ड्यात, एक डांबरावर, एक साइडपट्टीवरच्या चिखलात. पोवई नाक्यावर सिग्नलला थांबलो की शेजारचा मोटरसायकलवाला पाय टेकून उभा राहायचा, माझ्या जादा चाकांकडं बघायचा, आणि मग तोंडावर ती दयेची साय आणायचा. पंपावर पेट्रोल टाकणारा लांबूनच ओरडायचा, "काका, उतरू नका, तुम्ही उतरू नका." सगळा पंप माझ्याकडं बघायचा.

सहा वर्षं मी त्या स्कूटरवर काढली. मला काय हवं होतं ते मला नीट माहीत होतं. दोन चाकांवर बसायचं, कलायचं, थांबायचं, आणि थांबल्यावर कुणाचा हात लागू द्यायचा नाही. पण दोन चाकांच्या गाडीला थांबल्यावर पाय टेकावा लागतो, आणि माझा टेकायचा पाय खोटा. एकदा मेव्हण्याची मोटरसायकल घेऊन बघितली होती. तासगावात भर बाजारात थांबताना आडवा झालो, आणि मग हातच हात.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या शेडमधून ती गाडी बाहेर आली. त्या शेडचा मालक तिशीतला पोरगेला माणूस. वडिलांनी मोटारींचे सुटे भाग ओतून कारखाना उभा केला, आणि हा परदेशात शिकून आला तो मोटारीच नकोत म्हणत. मी गेटवर खुर्ची टाकून बसलो होतो. समोरच्या रस्त्यावरून एक पांढरी, बंद, अंड्याच्या आकाराची वस्तू आली. काच, छप्पर, दार, वायपर, सगळं मोटारीसारखं, पण रुंदीला मोटरसायकलएवढी, आणि खाली मोजून दोन चाकं. एकापुढं एक. वळणावर ती कलली. मग आमच्या गेटमधून एक ट्रेलर आडवा निघाला, तेव्हा ती थांबली आणि उभीच राहिली. कुणी पाय टेकला नाही. आतल्या माणसानं दोन्ही हात सोडून मोबाइल बघितला. ट्रेलर जाईपर्यंत ती जागच्या जागी अगदी बारीक थरथरत उभी होती.

मी खुर्चीवरून उठलो कधी ते मला कळलं नाही. ट्रेलरवाला पावतीसाठी हॉर्न वाजवत राहिला.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर मी त्या शेडमध्ये गेलो. मालकानं प्रेमानं सगळं दाखवलं. सीटखाली दोन जड चकत्या भोवऱ्यासारख्या फिरत असतात, गाडी एका अंगाला झुकली की त्या तिला दुसरीकडं ढकलतात. गाडी बंद केली की पोटाखालून दोन बारके टेकू बाहेर येतात. ब्रेक, वेग, सगळं हातात. पायाला काही काम नाही. "सर, शहरात एक माणूस मोटारीत बसतो आणि चार माणसांची जागा अडवतो," तो म्हणाला. "हे आपल्याला बंद करायचंय." त्याची स्वतःची मोटार बाहेर उभी होती. दोन लॉरींची जागा अडवून. मी ती बघितली आणि गप्प बसलो, कारण तोवर माझी नजर त्या अंड्यावरून हलत नव्हती.

त्यानं मला आत बसवलं. आत नव्या प्लास्टिकचा मळमळवणारा वास, आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत कोंडल्याची भावना. दार वरून खाली बंद झालं. सीटखाली गुणगुण सुरू झाली, टेकू वर गेले, आणि मी दोन्ही हातांनी सीटची कड धरली. पडलो नाही. मग मी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर तिला सोडली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, आणि तिथं ती माझ्यासकट कलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काच बंद होती हे बरं झालं.

परत आल्यावर मालक म्हणाला, "सर, तुम्ही आमच्यासाठी ही चालवाल? दोन-तीन ठिकाणी कार्यक्रम करायचेत. लोकांना दाखवायचंय. पहिल्या गाड्यांमधली एक तुमची. कायमची." त्यानं माझ्या डाव्या पायाकडं बघितलं नाही. न बघण्याची ती पद्धत मी ओळखतो. बघण्यापेक्षा ती वाईट.

आठ दिवसांनी त्यानं मोबाइलवर बॅनर दाखवला. गाडीशेजारी मी उभा, मागं बर्फाचे डोंगर चिकटवलेले, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: "सीमेवर पाय दिला, तोल नाही दिला." मला शिसारी आली. डोंगरांचीसुद्धा आली. त्या डोंगरांत मी तीन हिवाळे काढलेत आणि तिथं मला साधं खरचटलंही नव्हतं.

"पाय सीमेवर नाही गेला," मी म्हणालो.

"आर्मीतच गेला ना, सर?"

"हो."

"मग झालं तर."

इथं मी बोलायला हवं होतं. ट्रक, उतार, हँडब्रेक, एवढे तीन शब्द पुरले असते. मी बोललो नाही. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, मला गाडी हवी होती. खरं कळल्यावर त्याला दुसरा कुणी लंगडा सापडला असता. साताऱ्यात काय कमी आहेत?

घरी बायकोनं बॅनर बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला. ती मूळची सांगलीजवळच्या तासगावकडची, बोलायला सडेतोड. "तुमी त्यास्नी सांगा की, ट्रकखाली गेला म्हून."

"सांगतो."

"कवा?"

"सांगतो म्हटलं ना."

"छापून झाल्यावर का चिकटवून झाल्यावर?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. त्यानंतर कार्यक्रम होईपर्यंत तिनं विषय काढला नाही. तिनं विषय काढला नाही की मला जास्त त्रास होतो, हे तिला लग्नापासून माहीत आहे.

पहिला कार्यक्रम कोरेगावला, बाजाराच्या दिवशी. मालकाचं म्हणणं, शेतकऱ्यांनी बघायला हवी. बाजाराच्या कडेला, एका भाजीवाल्या बाईनं मेथीच्या जुड्या मांडल्या होत्या तिच्या शेजारी आम्ही गाडी लावली. मी आत बसलो, दार लावलं, टेकू वर घेतले. गाडी उभी. आता लोकांनी टाळ्या वाजवायच्या, अशी मालकाची अपेक्षा होती. पण आमच्याकडच्या माणसाला दोन चाकांची गाडी स्टँडशिवाय उभी दिसली की त्याला बघवत नाही. त्याचा हात आपोआप जातो.

"आवं, पडंल की ती. धरा रं कुणीतरी."

एकानं धरली. मग दुसऱ्यानं. मग पाच-सहा धिप्पाड गडी, सगळे डाव्या अंगाला, कारण उजवीकडं मेथी होती आणि मेथीवर कुणी पाय देत नाही. सगळे मिळून मला आधार देत होते. गाडी आपल्या अकलेप्रमाणं त्यांना उलट रेटत होती. ती रेटते म्हटल्यावर त्यांना वाटलं की ती आता त्यांच्याच अंगावर पडणार, म्हणून त्यांनी आणखी जोर लावला. मालकाचा इंजिनिअर घसा फोडून ओरडत होता, "हात काढा, हात काढा." एकजण त्याला शांतपणे म्हणाला, "हात काढला तर ह्यो मानूस मरंल की, गड्या." त्या चकत्यांनाही रेटण्याची हद्द असते. ती संपली. आत पिपाणी वाजली आणि गाडी सावकाश, मोठ्या इभ्रतीनं, उजवीकडं मेथीवर जाऊन पडली.

मग दार उघडलं आणि सगळे हात आत आले. काखेत, कमरेत, मानेखाली. एकानं तर खोट्या पायालाच धरून ओढलं आणि तो जरा सैल झाला तसा किंचाळून सोडला. त्यांनी मला उभं केलं, झाडलं, पाणी पाजलं, आणि म्हणाले, "बघा, आमी हुतो म्हून वाचला." मी त्या सगळ्यांना शिव्या दिल्या. त्यांनी त्या समजुतीनं ऐकून घेतल्या. बिचाऱ्याला धक्का बसलाय, असं त्यांच्या चेहऱ्यांवर होतं. घरी आल्यावर मी दोनदा अंघोळ केली.

महिन्याभरानं सांगलीला मोठा कार्यक्रम ठरला. तिथं गाडी विकायला घेऊ इच्छिणारे व्यापारी येणार होते, पेपरवाले येणार होते, आणि तिथंच मला गाडीची किल्ली मिळणार होती. मोटारींना पर्याय ठरणारी ही गाडी सांगलीला कशी गेली, तर ताडपत्रीत गुंडाळून, दोरानं बांधून, टेम्पोत आडवी. रस्त्यावर चालवायचे तिचे कागद अजून झाले नव्हते. पुढं मालकाची दोन लॉरींएवढी मोटार, काचा बंद करून. मागं टेम्पोत ड्रायव्हर, मी आणि बायको. कराड गेलं, इस्लामपूर गेलं, बायको खिडकीतून उसाकडं बघत होती. मधेच एकदा ती म्हणाली, "माज्या माहेरच्या मानसांनी त्यो ब्यानर बघितला तर काय सांगू, कुठली सीमा म्हून?" ड्रायव्हर ऐकत होता. मी म्हणालो, गावाकडचं कोण येतंय असल्या कार्यक्रमाला.

एका मंगल कार्यालयाच्या पटांगणात मांडव होता. या वेळी मालकानं शहाणपणा केला होता आणि गाडीभोवती दोरी बांधून घेतली होती. बॅनर मांडवाच्या रुंदीचा. त्यावरचा माझा खोटा पाय माझ्या उंचीएवढा. हळदीचे व्यापारी, मोटारींचे डीलर, एक-दोन पुढारी खुर्च्यांवर बसलेले. आणि स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारी. जतकडची. तिचा मुलगा बारा वर्षांपूर्वी सीमेवर गेला होता. खराखुरा गेला होता. तिच्या हातून माझं औक्षण करायचं, ही कल्पना कुणाची ते मला आजवर कळलं नाही. मालक म्हणाला इव्हेंटवाल्यांची, इव्हेंटवाले म्हणाले मालकाची. तिला त्यांनी नवी साडी नेसवली होती. साडीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

तिनं तबक घेतलं, मला ओवाळलं, माझ्या कपाळावर कुंकू लावलं. तिचा अंगठा खरबरीत होता. मग ती वाकली. मला वाटलं काही पडलं असेल, तर तिनं दोन्ही हात माझ्या डाव्या बुटावर ठेवले आणि डोकं टेकवलं. खोट्या पायाला स्पर्श कळत नाही. मी फक्त वरून बघत होतो, तिच्या पांढऱ्या भांगाकडं. तिचे गुडघे वाजल्याचं मला ऐकू आलं.

"आजी, अजून एकदा," फोटोवाला म्हणाला. "इकडं तोंड करा."

ती पुन्हा वाकली. मी पुन्हा वाकू दिलं.

मग भाषणं सुरू झाली. कुणीतरी पेट्रोलबद्दल बोलत होतं. म्हातारी माझ्या बाजूला झुकली आणि हळूच म्हणाली, "बाळा, एक इचारू?"

"विचारा की, आजी."

"गोळी लागली की लगीच कळतं का रं?"

ती खुर्ची जवळ ओढून पुढं म्हणाली,

"माज्या पोराला लागल्यावर त्यो लय येळ जित्ता हुता म्हणत्यात. मला कुणी नीट सांगत न्हाई. ज्यो जवान भेटंल त्याला इचारते. सगळी म्हणत्यात, काय कळत न्हाई आजी, झोप लागल्यावानी हुतं. पर त्यास्नी कुणालाच लागली नव्हती, त्यास्नी काय ठावं? तुला लागलीया. म्हून तुला इचारते. मला बरं वाटावं म्हून सांगू नगंस. खरं सांग."

काय कळत नाही, आजी. हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. बोललो असतो तर तिला रात्री झोप लागली असती, आणि मला गाडी मिळालीच असती. पण ती चष्म्याच्या जाड भिंगांतून माझ्याकडं बघत होती. सगळ्यांचं खोटं ऐकून ऐकून ती शेवटी एका खऱ्या माणसापर्यंत आली आहे, असं तिला वाटत होतं.

"आजी, मला ठाऊक नाही," मी म्हणालो. "मला गोळी लागलेली नाही. पाय ट्रकखाली गेला. माझ्याच चुकीनं, डेपोत."

तिला ते पोचायला थोडा वेळ लागला. तिनं बॅनरकडं बघितलं, मग माझ्या बुटाकडं.

"मग मगाशी मला वाकू का दिलंस?"

समोर टाळ्या पडल्या, भाषण संपलं होतं.

"दोन बारी," ती म्हणाली.

तिनं नव्या साडीचा पदर हातात घेतला आणि पोराचं नाक पुसावं तसं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसून काढलं. रागानं नाही. चुकीच्या ठिकाणी लागलेलं पुसतात, तसं. मग ती उठली, स्टेजच्या पायऱ्या एकटीच उतरली, आणि बायकांच्या रांगेत माझ्या बायकोशेजारची खुर्ची रिकामी होती तिथं जाऊन बसली. तिला ही माझी बायको हे माहीत नव्हतं.

हे सगळं कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हातारीला फार वेळ वर बसवत नसेल, असं लोकांना वाटलं असणार. माइकवरून माझा पुकारा झाला. मी खाली उतरलो, गाडीत बसलो, दार लावलं. आणि सांगतो, त्या दिवशी गाडी जशी चालली तशी पुन्हा कधी चालली नाही. पटांगणात मी तिला आठ आकड्यात फिरवली. लोक उभे राहिले. शेवटी पहिल्या रांगेसमोर मी ब्रेक दाबला, दोन्ही हात वर केले, आणि ती दोन चाकांवर उभी राहिली. दोरीमुळं कुणाचा हात लागला नाही. काचेतून टाळ्या बारीक ऐकू येत होत्या. म्हातारी मांडवाच्या खांबाकडं बघत होती. बायको माझ्याकडं बघत होती.

मालकानं पुठ्ठ्याची हातभर किल्ली माझ्या हातात दिली आणि माइक तोंडापुढं धरला. "सर, दोन शब्द."

पटांगण गप्प झालं. त्या शांततेत मला बोलता आलं असतं. जे एका म्हातारीला कानात सांगितलं ते चारशे माणसांना सांगायचं, एवढंच होतं. किल्ली पुठ्ठ्याची असली तरी घट्ट धरली होती मी.

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "तोल जात नाही."

परतीच्या टेम्पोत बायको नव्हती. म्हातारीला जतच्या गाडीत बसवून देते आणि मी यष्टीनं येते, एवढा निरोप तिनं ड्रायव्हरपाशी ठेवला होता. ती माझ्या मागून तीन तासांनी साताऱ्याला पोचली. पाय धुतले, भात लावला. मी विचारलं, म्हातारी काही म्हणाली का?

"इचारलं तिनं, त्यो तुजा कोण लागतो का म्हून."

"मग?"

"म्हटलं, कुणी न्हाई."

आणि तिनं कुकरचं झाकण लावलं.

गाडीचे कागद व्हायला पुढं बरेच महिने गेले, पण झाले. आता ती माझ्या दारात उभी असते. गाडी उत्तम आहे. उन्हात आत शिजायला होतं, पण पावसात अंगावर थेंब येत नाही, पोवई नाक्यावर मी हात सोडून उभा राहतो आणि मोटरसायकलवाले खाली वाकून माझ्या चाकांकडं बघत बसतात. दयेनं नाही, हेव्यानं. बँकेत जातो, बाजारात जातो, डोंगराच्या वळणांवर नुसताच कलायला जातो. सहा वर्षं जे मागितलं ते सगळं मिळालं आणि त्यात खोट काढायला जागा नाही, याचाच मला वीट आला आहे. मागच्या सीटवर बायको अजून बसलेली नाही. मी एकदाच म्हणालो, ती म्हणाली, मला आत कोंडल्यागत हुतंय. ती कधी आत गेलेलीच नाही.

तासगावहून मेव्हण्यांचे फोन येतात. "दाजी, ती गाडी घेऊन या की एकदा, बघू तरी." मी त्यांना सांगतो की एका चार्जमध्ये साताऱ्याहून सांगलीकडं पोचता येत नाही.

येतं.